उघड्या छताच्या गाडीत अलार्मचा मोशन सेन्सर कसा बसवावा

बंद गाडीत शिरायचं तर चोराला आधी काहीतरी फोडावं किंवा उघडावं लागतं. काचेवर घाव बसला की शॉक सेन्सरला धक्का कळतो, दार उघडलं की दाराचा पिन स्विच अलार्मला खबर देतो. छत उतरवलेल्या जीपमध्ये किंवा कन्व्हर्टिबलमध्ये यातलं काहीच घडत नाही. हात वरून सरळ आत येतो, सीटवरची बॅग उचलतो आणि जातो. गाडी हललेलीही नसते. कापडी हूड चढवलेलं असलं तरी फार फरक पडत नाही. चेन ओढली किंवा ब्लेडने कापड चिरलं तर शॉक सेन्सरला कळण्याइतका धक्का बसतच नाही. त्यामुळे अशा गाडीत आतली हालचाल टिपणारा सेन्सर हाच पहिला पहारा असतो.

हा सेन्सर बसवताना बहुतेक जण सगळं लक्ष 'सेन्सिटिव्हिटी किती ठेवायची' यावर देतात. माझ्या मते खरं काम जागा निवडण्याचं आहे. जागा चुकली तर सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू कितीही फिरवा, एक तर वाऱ्यापावसात सायरन कोकलेल किंवा हात आत गेला तरी अलार्म गप्प बसेल. म्हणून या लेखात जागा आणि चाचणी यांना सर्वांत जास्त वेळ दिला आहे.

कोणता सेन्सर घ्यावा

बाजारात 'मोशन सेन्सर' या एकाच नावाखाली वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी उपकरणं मिळतात.

अल्ट्रासोनिक सेन्सर साधारण ४० किलोहर्ट्झचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज केबिनमध्ये सोडतो आणि परतणाऱ्या आवाजातला बदल ओळखतो. त्याचं माध्यम हवा. हवा हलली, तापली, झुळूक आली की त्याला हालचाल दिसते. काचा बंद असलेल्या गाडीत तो उत्तम चालतो, छत उतरवलेल्या गाडीत मात्र त्याचा उपयोग नाही. कापडी हूड घट्ट बसवलेलं असतानाही वाऱ्याने कापड फडफडलं की आतली हवा हलतेच.

पीआयआर, म्हणजे शरीराच्या उष्णतेवर चालणारा सेन्सर, घरात चांगला. उन्हात तापलेल्या सीटवरून ढगाची सावली सरकली तरी तो फसतो. त्याचा विचार सोडून द्या.

उरतो मायक्रोवेव्ह सेन्सर. दुकानात याला रडार सेन्सर किंवा प्रॉक्सिमिटी सेन्सर म्हणतात. अशा मॉड्यूलमध्ये २.४, ५.८, १०.५ किंवा २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी वापरतात. हवा हलल्याने या लहरींना काही होत नाही. कापड, फोम, प्लास्टिक, फायबरग्लास आणि काच यांच्यातून त्या पार जातात, धातूवरून परततात, आणि माणसाच्या शरीरात भरपूर पाणी असल्यामुळे शरीरावरूनही चांगल्या परततात. उघड्या गाडीसाठी हाच घ्यावा, आणि तोही दोन टप्प्यांचा. अशा सेन्सरला दोन आउटपुट असतात. कोणी नुसतं जवळ आलं तर छोटा इशारा वाजतो आणि हात आत गेला तर पूर्ण सायरन. एकाच टप्प्याचा सेन्सर घेतला तर दाराला खेटून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला पूर्ण सायरन ऐकवावा लागेल, आणि आठवड्याभरात तुम्हीच तो बंद करून टाकाल.

जुना शॉक सेन्सर काढू नका. चाकं काढणं, बॉनेट उचकटणं यासाठी तो हवाच. गाडी टो करून नेण्याची भीती असेल तर गाडी तिरकी होणं ओळखणारा टिल्ट सेन्सरही जोडता येतो.

सेन्सरच्या आधी करायची कामं

उघड्या गाडीत बॉनेट उघडायचा खटका कोणाच्याही हाताला लागतो. डॅशबोर्डखाली हात घातला, खटका ओढला, बॉनेट उचलून बॅटरीची वायर काढली की सगळा अलार्म मुका. म्हणून बॉनेटला पिन स्विच नसेल तर तो आधी बसवा. शक्य असेल तर सायरनही स्वतःची बॅटरी असलेला घ्या. मुख्य वायर कापली तरी तो वाजत राहतो. सायरनचं तोंड खालच्या दिशेला ठेवा, नाहीतर भोंग्यात पाणी साचतं.

दुसरी गोष्ट व्हॅले बटणाची. अलार्म तात्पुरता निकामी करणारं हे छोटं बटण बसवणारे बहुधा स्टिअरिंगखाली डकवतात. बंद गाडीत ते चालून जातं. उघड्या गाडीत ते अशा ठिकाणी हलवा, जिथे पोचायला पॅनेल काढावं लागेल. अलार्मच्या मुख्य डब्याचंही तसंच. तो पेडलच्या वर लोंबकळत असेल तर डॅशबोर्डच्या आत, वरच्या बाजूला, लोखंडी आडव्या पट्टीला केबल टायने घट्ट बांधा. सेन्सर कितीही चांगला असला तरी खबर मिळण्याआधीच डब्याचा प्लग उपटला गेला तर उपयोग शून्य.

जागा

रडार सेन्सरला अंतर कळत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. परत आलेला, हालचालीने बदललेला सिग्नल किती जोरदार आहे एवढंच तो पाहतो. जवळचा छोटा हात आणि दूरवरून जाणारा मोठा ट्रक त्याला सारखेच वाटू शकतात.

यावर उपाय भौतिकशास्त्रातच आहे. छोट्या वस्तूवरून परतणाऱ्या सिग्नलची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने कमी होते. अंतर दुप्पट झालं तर सिग्नल सोळाव्या हिश्श्यावर येतो. समजा हात सेन्सरपासून अर्ध्या मीटरवर येणार आहे आणि बाजूने जाणारा माणूस ३ मीटरवर आहे. अंतराचं प्रमाण सहापट, म्हणजे नुसत्या अंतरामुळे सिग्नलमध्ये सुमारे १३०० पट फरक पडतो. तोच सेन्सर गाडीच्या कोपऱ्यात, हातापासून एक मीटरवर लावला आणि माणूस त्या कोपऱ्याजवळून, दीड मीटरवरून गेला तर फरक जेमतेम पाचपट उरतो. म्हणून ज्या जागेची राखण करायची तिच्या अगदी जवळ सेन्सर ठेवा आणि सेन्सिटिव्हिटी कमीत कमी ठेवा. दूर ठेवून सेन्सिटिव्हिटी वाढवणं म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्या हालचालींना आत बोलावणं.

हे सगळं लक्षात घेता पुढच्या दोन सीटच्या मधला कन्सोल ही सर्वांत योग्य जागा. तिथून दोन्ही दारं जवळजवळ सारख्या अंतरावर असतात आणि वरून येणारा हात कुठूनही आला तरी सेन्सरच्या टप्प्यात येतो. कन्सोल प्लास्टिकचा असेल तर सेन्सर त्याच्या आत, वरच्या पृष्ठभागाच्या जवळ बसतो आणि बाहेरून दिसतही नाही. खाली ट्रान्समिशन टनेलचा पत्रा असतो. तो लहरींना वर परतवतो, त्यामुळे गाडीखालून जाणारं मांजर किंवा वाहणारं पाणी सेन्सरला दिसत नाही. मात्र सेन्सर थेट पत्र्याला चिकटवू नका. मध्ये काही सेंटीमीटर जाडीचा, पाणी न शोषणारा ईव्हीए फोम ठेवा. साधा स्पंज पावसाळ्यात ओला राहतो आणि सेन्सरचं बूड कुजवतो.

कन्सोलच नसलेल्या साध्या जीपमध्ये दोन पर्याय उरतात. एक, सीटच्या मध्ये छोटी प्लास्टिकची पेटी बोल्टने बसवून तिच्यात सेन्सर ठेवणं. दुसरा, डॅशबोर्डच्या मधोमध, प्लास्टिकच्या मागे. लोखंडी डॅशबोर्ड असेल तर दुसरा पर्याय बाद, कारण पत्र्याच्या मागे बसवलेल्या सेन्सरला पुढचं काहीच दिसत नाही. लोखंडी कुलूपबंद पेटीत सेन्सर ठेवण्याचा मोहही याच कारणाने टाळा.

रोल बार, सीटच्या लोखंडी फ्रेम, मागे ठेवलेलं स्टेपनी चाक यांच्या आड सावली पडते, म्हणजे तिथली हालचाल कमी दिसते. मागच्या बाजूला सामान ठेवत असाल आणि गाडी लांब असेल तर एकाच सेन्सरचा आवाका ताणू नका. मागे दुसरा सेन्सर लावा. दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीचे असतील तर ते एकमेकांत गोंधळ घालू शकतात, म्हणून त्यांच्यात जमेल तितकं अंतर ठेवा आणि मध्ये सीटची लोखंडी फ्रेम येईल असं बघा.

एसीच्या ब्लोअरपासून, सैल वायरींपासून आणि आरशाला लटकवलेल्या वस्तूंपासून सेन्सर लांब हवा. वाऱ्याने डोलणारी कोणतीही वस्तू त्याला हालचालच वाटते.

जागा ठरली तरी लगेच भोक पाडू नका. आधी डबल टेपने तात्पुरता चिकटवा, वायर सैल सोडा, पूर्ण चाचणी करा आणि मगच कायमचा बसवा.

वायरिंग

मल्टिमीटर, वायर सोलायची पकड, क्रिंपिंगची पकड किंवा सोल्डरिंग आयर्न, हीट श्रिंक ट्यूब, कापडी हार्नेस टेप, केबल टाय आणि पॅनेल काढायची प्लास्टिकची पट्टी एवढं सामान पुरतं. बल्बवाला टेस्टर वापरू नका. तो बराच करंट ओढतो आणि नाजूक कंट्रोल युनिटची वायर चुकून टोचली गेली तर नुकसान होतं. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावायचा नाही. कन्सोल उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि एअरबॅग युनिटमधली साठलेली वीज उतरावी म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा.

दोन टप्प्यांच्या सेन्सरला बहुधा चार वायरी असतात: १२ व्होल्ट, अर्थ (म्हणजे निगेटिव्ह), इशाऱ्याचं आउटपुट आणि पूर्ण सायरनचं आउटपुट. लाल आणि काळी ओळखीची असली तरी उरलेल्या दोन वायरींचे रंग ब्रँडनुसार बदलतात. सेन्सरसोबत आलेली आकृती पाहूनच जोडणी करा. अलार्मच्या डब्यावर सेन्सरसाठी चार पिनांचं सॉकेट असेल तरी प्लग बसला म्हणजे पिनांचा क्रमही जुळला असं धरून चालू नका. प्लग लावण्याआधी मीटरने १२ व्होल्ट आणि अर्थ कोणत्या पिनेवर येतात ते तपासा.

वेगळा पॉझिटिव्ह घेत असाल तर तो चावी बंद असतानाही चालू राहणारा हवा. जिथून घेतला तिथून वीतभर अंतरात ३ अँपिअरचा फ्यूज घाला. सेन्सर काही मिलीअँपिअरच ओढतो, पण फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. ०.५ चौरस मिलीमीटरची वायर पुरेशी आहे.

अर्थ दोन प्रकारे देता येतो. साधा मार्ग म्हणजे बॉडीवर. रंग खरवडून उघडा पत्रा काढा, रिंग टर्मिनल आणि दातेरी वॉशर लावून बोल्ट कसा, वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या. गंज इथूनच सुरू होतो. दुसरा मार्ग अलार्मच्या 'आर्म झाल्यावर अर्थ देणाऱ्या' आउटपुटचा. अलार्म लावल्यावरच त्या वायरवर अर्थ येतो, त्यामुळे एरवी सेन्सर बॅटरी खात नाही. मला हा मार्ग जास्त पसंत आहे. एकच काळजी घ्यायची. सेन्सर सुरू झाल्यावर त्याला स्थिर व्हायला काही सेकंद लागतात. रिमोट दाबल्या दाबल्या खोटा इशारा येत असेल तर कायमचा अर्थ देऊन बघा.

दोन सेन्सर एकाच इनपुटवर आणायचे असतील तर प्रत्येकाच्या आउटपुटमध्ये १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला. बहुतेक सेन्सर ट्रिगर म्हणून अर्थ देतात. अशा वेळी डायोडवरची पट्टी सेन्सरच्या बाजूला आणि दुसरं टोक अलार्मच्या बाजूला येतं. उलटा लावला तर सेन्सरचा दिवा लागेल, पण अलार्मला काहीच कळणार नाही.

सोल्डर केलेला सांधा कडक होतो आणि खडखडणाऱ्या गाडीत कडेला तुटू शकतो. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून घ्या. चांगल्या पकडीने केलेला क्रिंप इथे तितकाच टिकाऊ असतो. वायर चिमटून जोडणाऱ्या झटपट क्लिपा मात्र ओलसर गाडीत वापरू नयेत. तांब्यापर्यंत पाणी पोचतं आणि वर्षभरात हिरवा गंज चढतो.

पाण्यापासून बचाव

उघड्या गाडीत आतली जागाही बाहेरचीच समजायची. सेन्सरची वायर ज्या टोकातून निघते ते टोक खाली ठेवा. वायर सरळ सेन्सरकडे न आणता आधी थोडी खाली लोंबू द्या आणि मग वर घ्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरच गळून पडेल. प्लगच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

पेटीचे सांधे भरायला सिलिकॉन घेताना त्याचा वास बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं आणि ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. पेटी पूर्ण हवाबंदही करू नका. तळाला बारीक भोक ठेवा, नाहीतर आत जमलेल्या दमटपणाचं पाणी होऊन आतच राहील.

सेन्सरच्या डोक्यावर पाणी साचेल किंवा ओघळेल अशी जागा नको. मायक्रोवेव्हला वाहतं पाणी स्पष्ट दिसतं. कन्सोलच्या वरचा कपहोल्डर पावसाने भरला आणि त्यात थेंब पडत राहिले तर सेन्सर त्यावरच वाजेल.

सेन्सिटिव्हिटी लावणं

या कामाला घाई नको, आणि शक्यतो मदतीला एक जण घ्या. गाडी मोकळ्या जागेत, भिंत आणि इतर गाड्यांपासून लांब उभी करा. छत उतरवा. सायरनची वायर तात्पुरती काढून ठेवा किंवा अलार्ममध्ये मूक चाचणीची सोय असेल तर ती वापरा. बहुतेक सेन्सरवर दोन टप्प्यांसाठी दोन एलईडी असतात, त्यांच्याकडे पाहूनच बरंचसं काम होतं.

स्क्रू सर्वांत कमीवर आणा. अलार्म लावा, गाडीपासून चार-पाच पावलं मागे जा आणि एक मिनिट हलू नका. मग जवळ या आणि दारावरून हात हळूहळू आत घाला, चोर घालेल तसा. स्क्रू एका वेळी पाव वळणापेक्षा कमी फिरवा आणि प्रत्येक वेळी पुन्हा एक मिनिट थांबा. पूर्ण सायरनचा टप्पा असा लावायचा की हात दाराच्या आतल्या कडेपासून सीटच्या मध्यापर्यंत पोचायच्या आत एलईडी लागेल. सेन्सरला इशाऱ्याचा स्क्रू वेगळा असेल तर तो टप्पा दाराच्या बाहेर फार तर वीतभर जावा. त्याहून पुढे नेला तर शेजारी गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला तो हटकेल.

हात फक्त सेन्सरच्या दिशेने नेऊन चाचणी संपवू नका. रडार डॉप्लर तत्त्वावर चालतो, त्यामुळे सेन्सरकडे येणारी किंवा त्याच्यापासून दूर जाणारी हालचाल त्याला सर्वांत स्पष्ट दिसते. तेवढ्याच अंतरावरून आडवी सरकणारी वस्तू त्याला पुसट दिसते. म्हणून दोन्ही दारं, मागची बाजू, विंडस्क्रीनवरून येणारा हात आणि सीटच्या मागून आडवा सरकणारा हात असं सगळं करून बघा. वेगही बदला. अतिशय सावकाश हालचालीला काही सेन्सर दाद देत नाहीत. त्या वेगाने चोरी करायची तर चोराला बराच वेळ लागेल, एवढं गृहीत धरून थोडी सूट द्यायला हरकत नाही. खरं महत्त्व सीटवरची वस्तू झटकन उचलणाऱ्या हाताला आहे.

एखाद्या बाजूला क्षेत्र जास्त पसरत असेल तर स्क्रू कमी करू नका. सेन्सरच्या त्या बाजूला तळहाताएवढा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उभा करा आणि पुन्हा मोजा. पत्र्याच्या कडांना टेप गुंडाळा, म्हणजे वायरीला चिकटून शॉर्ट होणार नाही. रस्त्याच्या बाजूने सारखे इशारे येत असतील तर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

आता छत चढवून हीच चाचणी पुन्हा करा. कापड आणि फायबरग्लासने फारसा फरक पडू नये. दुमडणारं धातूचं छत असेल तर मात्र लहरी आतल्या आत परततात आणि तीच सेटिंग जास्त तिखट होते. अशा गाडीत छत बंद असतानाची सेटिंग सहन होईल इतकीच ठेवावी आणि छत उघडल्यावर ती पुरते का ते बघावं. दोन्ही जमत नसेल तर मी उघड्या छताच्या बाजूने कौल देईन, कारण छत बंद असताना दार आणि काचा मदतीला असतात.

शेवटची चाचणी पाण्याची. छत चढवून नळीने कापडावर पावसासारखं पाणी सोडा. नुसत्या थेंबांवर अलार्म वाजत असेल तर सेन्सर छताच्या फार जवळ आहे किंवा स्क्रू जास्त आहे. सर्व मनासारखं झालं की स्क्रूची जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवा.

खोटा अलार्म आला तर

आधी कोणत्या सेन्सरने खबर दिली ते शोधा. बऱ्याच अलार्ममध्ये डिसआर्म केल्यावर एलईडी ठरावीक वेळा लुकलुकतो आणि त्यावरून झोन, म्हणजे कोणता सेन्सर वाजला ते, कळतो. रडारऐवजी शॉक सेन्सर किंवा बॉनेटचा गंजलेला पिन स्विच दोषी निघणं अगदी नेहमीचं आहे.

रडारच असेल तर ठिकाण पाहा. ट्यूबलाइटच्या अगदी जवळ उभ्या केलेल्या गाडीत त्रास होऊ शकतो, कारण नळीतला आयनीभूत वायू विजेच्या लयीत मायक्रोवेव्ह कमी-जास्त परतवतो. फक्त एकाच जागी वाजत असेल तर जागा बदलून बघा, स्क्रूला हात लावू नका. वाऱ्याच्या दिवशीच वाजत असेल तर सुटलेला पट्टा, फडफडणारा प्लास्टिकचा खिडकीपडदा किंवा सैल सीट कव्हर शोधा. धातूचं बक्कल असलेला पट्टा सेन्सरजवळ डोलत असेल तर तो पुरेसा आहे.

बॅटरी कमजोर असताना व्होल्टेज घसरूनही खोटे ट्रिगर येतात. गाडी बंद करून काही तासांनी मोजा. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, सेन्सरवर शंका नंतर.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हिशोब आधीच करून ठेवा. सेन्सर २० मिलीअँपिअर ओढत असेल तर दिवसाला ०.४८ अँपिअर-तास आणि ३० दिवसांत १४.४ अँपिअर-तास जातात. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जवळजवळ एक तृतीयांश भाग झाला, आणि अलार्मचा मुख्य डबा, घड्याळ, स्टिरिओ यांचं ओढणं वेगळंच. निगेटिव्ह वायरमध्ये मल्टिमीटर लावून, गाडी पूर्ण झोपल्यावर, म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक युनिटं शांत झाल्यावर, एकूण करंट मोजा. ५० मिलीअँपिअरच्या खूप वर असेल तर लांबच्या मुक्कामाआधी बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा, किंवा झाकलेल्या, कुलूपबंद जागेत गाडी ठेवताना रिमोटने फक्त मोशन सेन्सर बायपास करून बाकीचा अलार्म चालू ठेवा.